इंग्रजी वाक्य लॅटिनमध्ये नेताना: आधी मराठीत लिहा

अंगठीच्या आत कोरायचे दोन शब्द, एखाद्या संस्थेचे ब्रीदवाक्य, कथेतल्या पात्राच्या तोंडी घालायचे वचन किंवा दंडावर गोंदवून घ्यायची ओळ लॅटिनमध्ये हवी असते आणि हाताशी असते ते इंग्रजी वाक्य. नवखा माणूस अशा वेळी शब्दकोश उघडतो, प्रत्येक इंग्रजी शब्दासमोरचा लॅटिन शब्द उचलतो आणि ते सारे इंग्रजीच्याच क्रमाने ओळीत मांडतो. यातून जे तयार होते ते वाक्य नसते, शब्दांची रास असते. कोशात नाम प्रथमेच्या एकवचनात दिलेले असते आणि क्रियापद बहुधा प्रथमपुरुषी एकवचनात, म्हणून ‘प्रेम करणे’ शोधणाऱ्याला ‘अमो’ हा शब्द मिळतो आणि त्याचा अर्थ ‘मी प्रेम करतो’ असा असतो. कर्ता न बदलता तो शब्द तसाच वाक्यात ठेवला, तर सगळी वाक्ये आपोआप ‘मी’ची होऊन बसतात.

मराठी वाचकाला या कामात एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगे आहेत, विभक्ती आहेत, विशेषण नामाप्रमाणे बदलते, क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते आणि ‘द’ किंवा ‘अ’ यांसारखी उपपदे नाहीत. हे सगळे इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहे. म्हणून इंग्रजी वाक्य थेट लॅटिनमध्ये नेण्याऐवजी आधी ते साध्या, बोलण्यातल्या मराठीत लिहून काढावे आणि मग त्या मराठी वाक्यावरून लॅटिनकडे वळावे, ही या लेखातली मुख्य सूचना आहे. मराठी काही ठिकाणी फसवतेही. ती ठिकाणे पुढे आली आहेत.

लेखात लॅटिन शब्द देवनागरीत दिले आहेत. शब्दाच्या शेवटी हलन्त चिन्ह असेल तर व्यंजनावर थांबावे आणि नसेल तर संस्कृतप्रमाणे अकार उच्चारावा. म्हणजे ‘अमित’ हा शब्द मुलाच्या नावासारखा न वाचता शेवटचा अ म्हणून वाचायचा. प्रत्यक्ष कोरायचे शब्द रोमन लिपीत कोशातून उतरवून घ्यावेत, कारण देवनागरीतून रोमनमध्ये परतताना अक्षरे हमखास चुकतात.

पहिली पायरी: वाक्याला प्रश्न विचारणे

इंग्रजी शब्द एकटा असताना बऱ्याचदा मुका असतो. ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत, झरा की उडी? ‘लाइट’ म्हणजे उजेड की हलके? ‘राइट’ म्हणजे उजवा, बरोबर की हक्क? लॅटिनमध्ये या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे: वसंताला ‘वेर्’, झऱ्याला ‘फोन्स्’, उजेडाला ‘लूक्स्’, हलक्याला ‘लेविस्’, उजव्याला ‘देक्स्तेर्’, योग्य असलेल्याला ‘रेक्तुस्’, हक्काला ‘यूस्’. मराठीत लिहून काढले की ही गल्लत बहुतेक वेळा जागीच सुटते, कारण मराठीला यांपैकी एक निवडावेच लागते.

यानंतर कोण बोलते आहे, कोणाला, किती जणांना आणि ते स्त्रिया आहेत की पुरुष, हे प्रश्न येतात. इंग्रजीतला ‘यू’ यांपैकी काहीच सांगत नाही. लॅटिनमध्ये एका माणसासाठी ‘तू’ आणि अनेकांसाठी ‘वोस्’ आहे. ‘तू’ हा शब्द तर उच्चारासकट आपलाच आहे. मात्र अभिजात लॅटिनमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. सम्राटाशी बोलतानाही ‘तू’च, आणि ‘तुम्ही’ मनात धरून ‘वोस्’ लिहिले तर समोर माणसांचा घोळका उभा राहतो.

उदाहरणासाठी इंग्रजीतले एक लोकप्रिय ब्रीद घेऊ: ‘स्ट्राँगर टुगेदर’. मराठीत ते ‘एकत्र आलो की आपली ताकद वाढते’ असे होईल, किंवा ‘एकत्र आलेले अधिक खंबीर असतात’ असे. इंग्रजीत दोनच शब्द आहेत. मराठीत आणताना ‘आपण’ की ‘ते’ हे ठरवावे लागले, आणि लॅटिनला नेमकी हीच माहिती हवी असते. दुसरे रूप घेतले तर ‘कोन्यूंक्ती फोर्तिओरेस्’ असे दोन शब्द होतात. पहिला शब्द ‘जोडलेले’ आणि दुसरा ‘अधिक खंबीर’. हे पुरुषांच्या किंवा मिश्र गटासाठी चालेल. गट केवळ स्त्रियांचा असेल तर ‘कोन्यूंक्ताइ फोर्तिओरेस्’ असे लिहावे लागेल. दुसरा शब्द दोन्ही ठिकाणी तसाच राहतो, कारण त्या रूपात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग सारखेच आहेत. पहिला मराठी अर्थ अधिक जवळचा वाटत असेल तर ‘कोन्यूंक्ती प्लूस् वलेमुस्’, म्हणजे ‘जोडलेले आम्ही अधिक समर्थ असतो’, असे लिहिता येते. शेवटच्या शब्दातल्या ‘मुस्’ या प्रत्ययातच ‘आम्ही’ आहे. मला स्वतःला हे तीन शब्दांचे रूप अधिक आवडते, कारण त्यात क्रियापद आहे आणि बोलणारे कोण आहेत हे ऐकणाऱ्याला कळते.

मिश्र गटाबद्दल एक गोष्ट. मुलगे आणि मुली एकत्र असले की मराठीत ‘मुले आली’ असे नपुंसकलिंग सहज येते. लॅटिनमध्ये माणसांच्या मिश्र गटाला पुल्लिंगच लागते. नपुंसकलिंगी अनेकवचन आले की ते माणसांबद्दल न राहता वस्तूंबद्दल होते.

दुसरी पायरी: शब्द निवडणे

इंग्रजी-लॅटिन कोशात ‘स्ट्रेंग्थ’ या एका शब्दापुढे चार-सहा शब्द दिसतात आणि नवखा माणूस पहिला उचलतो. ‘वीस्’ म्हणजे जोर, प्रसंगी बळजबरीही. त्याचेच अनेकवचन ‘वीरेस्’ म्हणजे अंगातली ताकद. ‘रोबुर्’ म्हणजे मुळात ओक वृक्षाचे टणक लाकूड आणि त्यावरून कणखरपणा. ‘फोर्तितूदो’ म्हणजे संकटात न डगमगणे, ‘पोतेन्तिअ’ म्हणजे सत्ता किंवा वजन. ‘विर्तूस्’ हा शब्द ‘विर्’ म्हणजे पुरुष या शब्दावरून आलेला. त्याचा पहिला अर्थ शौर्य आणि पुढे सद्गुण. व्यायामशाळेसाठी ‘वीरेस्’ ठीक आहे, आजारातून उठलेल्या मैत्रिणीच्या कंकणावर ‘फोर्तितूदो’ शोभेल आणि ‘पोतेन्तिअ’ दोन्हीकडे विचित्र वाटेल.

यासाठी उलट दिशेचा कोश पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्रजी-लॅटिन कोशाने सुचवलेला प्रत्येक शब्द लॅटिन-इंग्रजी कोशात काढावा आणि तिथे दिलेली प्राचीन लेखकांची उदाहरणे वाचावीत. लुईस आणि शॉर्ट यांचा 1879 सालचा कोश जुना असला तरी उदाहरणांनी भरलेला आहे आणि पर्सियस या टफ्ट्स विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात तो फुकट पाहता येतो. ऑक्सफर्डचा लॅटिन कोश 1968 ते 1982 या काळात भागाभागाने निघाला. तो साधारणपणे इसवी सन 200 पर्यंतच्या लॅटिनपुरता मर्यादित आहे. म्युनिकमध्ये चालू असलेला ‘थेसाउरुस् लिंग्वाइ लातीनाइ’ हा महाकोश 1894 साली हाती घेतला गेला आणि अजून पुरा झालेला नाही. नवख्याला त्याची गरज पडणार नाही, पण एकेका शब्दाच्या अर्थछटा ठरवायला किती पसारा लागतो याची कल्पना त्यावरून येते.

इंग्रजीत लॅटिनवरून आलेले शब्द हजारोंनी आहेत आणि तेच सर्वांत जास्त फसवतात. ‘होनेस्तुस्’ म्हणजे प्रामुख्याने प्रतिष्ठित, मानाचा. इंग्रजीतल्यासारखा प्रामाणिक नव्हे. ‘ओफ्फिकिउम्’ म्हणजे कचेरी नव्हे, कर्तव्य. ‘इन्दुस्त्रिअ’ म्हणजे उद्योगीपणा, कारखानदारी नव्हे. ‘सानुस्’ म्हणजे निरोगी, ‘स्तुदिउम्’ म्हणजे ओढ किंवा उत्साह, ‘पेर्सोन’ म्हणजे नटाचा मुखवटा. ‘फमिलिअ’मध्ये घरातले गुलामही मोडत. सर्वांत गमतीचा ‘एग्रेगिउस्’: लॅटिनमध्ये तो ‘कळपातून उठून दिसणारा’, म्हणजे उत्कृष्ट, तर इंग्रजीतले त्याचे नातू रूप ढळढळीत चुकीला लावतात.

उलट काही ठिकाणी मराठी शब्द थेट जुळतात आणि इंग्रजी मध्ये आली की अर्थ हरवतो. इंग्रजी ‘अंकल’ आणि ‘आँट’ यांवरून लॅटिन शब्द ठरवता येत नाही, कारण लॅटिनमध्ये काका ‘पत्रुउस्’, मामा ‘अवुन्कुलुस्’, आत्या ‘अमित’ आणि मावशी ‘मातेर्तेर’ असे चार वेगळे शब्द आहेत. मावशीच्या शब्दात तर ‘मातेर्’, म्हणजे आई, स्पष्ट ऐकू येते.

तिसरी पायरी: विभक्ती लावणे

लॅटिनमध्ये प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन आहेतच. तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची कामे मात्र अब्लेटिव्ह नावाची एकच विभक्ती करते. नामांचे पाच गण, म्हणजे रूपे चालवण्याचे पाच गट, आहेत आणि नाम कोणत्या गणातले हे प्रथमेवरून नव्हे तर षष्ठीवरून ओळखतात, म्हणून कोशात प्रत्येक नामापुढे षष्ठीचे रूप आणि लिंग दिलेले असते: ‘रेक्स्, रेगिस्, पुल्लिंग’, म्हणजे राजा. ही तीनही माहिती वहीत उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इंग्रजी शब्दयोगी अव्यये इथे सर्वांत जास्त घोटाळा करतात आणि मराठी सर्वांत जास्त मदत करते. इंग्रजीत ‘विथ अ सोर्ड’ आणि ‘विथ अ फ्रेंड’ दोन्हीकडे ‘विथ’. मराठीत ‘तलवारीने’ आणि ‘मित्राबरोबर’. लॅटिनमध्येही असाच भेद आहे: साधन असेल तर नुसती अब्लेटिव्ह, ‘ग्लदिओ’, सोबत असेल तर ‘कुम्’ लावून, ‘कुम् अमीको’. ‘द सिटी ऑफ रोम’ यातल्या ‘ऑफ’साठी षष्ठी लावण्याचा मोह होतो, पण आपण ‘रोमचे शहर’ म्हणत नाही, ‘रोम शहर’ म्हणतो, आणि लॅटिनही ‘उर्ब्स् रोम’ असेच दोन्ही शब्द एकाच विभक्तीत ठेवते. ‘मला भाऊ आहे’ हे वाक्य इंग्रजीत ‘हॅव’ने होते, लॅटिनमध्ये ‘मिहि फ्रातेर् एस्त्’ असे चतुर्थीने छान होते, शब्दाला शब्द मराठीसारखे. ‘मला आवडते’ म्हणजे ‘मिहि प्लकेत्’, तीही चतुर्थीच. ‘हे मला करायचे आहे’ हे कर्तव्य सांगणारे वाक्य ‘होक् मिहि फकिएन्दुम् एस्त्’ असे होते आणि इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी ज्या रचनेपाशी आठवडे अडखळतो, ती मराठी माणसाला पहिल्याच वाचनात ओळखीची वाटते.

स्मरणाचे उदाहरण तर अंगठ्यांसाठी वारंवार लागते. ‘मी तुला नेहमी लक्षात ठेवीन’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य घेऊन कोणी ‘तुला’साठी द्वितीया लावतो. पण या क्रियापदाला माणसाबद्दल बोलताना बहुधा षष्ठी लागते, जणू आपण ‘तुझी आठवण’ म्हणतो आहोत: ‘तुई सेम्पेर् मेमिनेरो’. अनेकांना उद्देशून असेल तर ‘तुई’च्या जागी ‘वेस्त्री’. या क्रियापदाची रूपे भूतकाळी दिसतात आणि अर्थ वर्तमानाचा असतो, म्हणून भविष्यासाठीही ते वेगळे रूप घेते. ही माहिती कोशातल्या नोंदीत असते, शब्दसूचीत नसते. विश्वास ठेवण्याच्या क्रियापदालाही असेच खास वळण आहे: ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणजे ‘क्रेदे मिहि’, चतुर्थीने.

मालकी सांगताना ‘सुउस्’ आणि ‘एयुस्’ यांत भेद आहे. इंग्रजीत ‘ही लव्ह्‌ज हिज सन’ म्हटले तर मुलगा कोणाचा हे कळत नाही. ‘तो आपल्या मुलावर प्रेम करतो’ हे ‘फीलिउम् सुउम् अमत्’ आणि ‘तो त्याच्या (दुसऱ्या कोणाच्या) मुलावर प्रेम करतो’ हे ‘फीलिउम् एयुस् अमत्’. ‘आपला’ आणि ‘त्याचा’ हा फरक ज्याच्या बोलण्यात मुरलेला आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. फक्त इंग्रजीवरून भाषांतर करताना तो विसरला जातो.

विशेषण नामाशी लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्हींत जुळले पाहिजे, पण दोघांचे शेवट सारखे दिसलेच पाहिजेत असे नाही. ‘चांगला शेतकरी’ म्हणजे ‘अग्रिकोल बोनुस्’. शेतकरी हा शब्द अकारान्त गणातला असूनही पुल्लिंगी आहे, म्हणून ‘बोन’ लिहिणे चूक. यमक जुळवण्याच्या नादात होणारी ही चूक मी नवख्यांच्या कामात सर्वांत जास्त पाहिली आहे, आणि सुरुवातीला स्वतःही केली आहे.

आता मराठी कुठे दगा देते ते. ‘शहरात राहतो’ आणि ‘शहरात जातो’ यांत आपण एकच ‘शहरात’ वापरतो. लॅटिनमध्ये स्थान असेल तर ‘इन् उर्बे’ आणि गती असेल तर ‘इन् उर्बेम्’, म्हणजे अनुक्रमे अब्लेटिव्ह आणि द्वितीया. गावांच्या नावांना तर हे अव्ययही लागत नाही: ‘रोमाइ’ म्हणजे रोममध्ये, ‘रोमम्’ म्हणजे रोमला, ‘रोमा’ म्हणजे रोमहून. दुसरा दगा भूतकाळाचा. ‘मुलाने कविता लिहिली’ यात कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद कवितेप्रमाणे चालते, म्हणून हात आपोआप अब्लेटिव्हकडे जातो. लॅटिनमध्ये कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागे जाते: ‘पुएर् कर्मेन् स्क्रीप्सित्’. मराठी कर्मणी प्रयोगाची ही वाक्ये आधी वर्तमानकाळात फिरवून पाहावीत; ‘मुलगा कविता लिहितो’ असे केले की कर्ता उघडा पडतो.

चौथी पायरी: क्रियापद

इंग्रजीतल्या ‘टू’ आणि ‘इंग’ या दोन रूपांनी जितकी ब्रीदवाक्ये बिघडवली आहेत तितकी दुसऱ्या कशानेही नसतील. ‘जगायला शीक’ हे ‘दिस्के वीवेरे’ असे धातुरूपाने, म्हणजे ‘जगणे’ या अर्थाच्या रूपाने, बरोबर होते, कारण जगणे हे शिकण्याचे कर्म आहे. ‘शिकण्यासाठी जग’ यात मात्र हेतू आहे, आणि अभिजात गद्यात हेतू धातुरूपाने सांगत नाहीत. तिथे ‘वीवे उत् दिस्कास्’, म्हणजे ‘जग, यासाठी की तू शिकावेस’, असे म्हणावे लागते. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘टू’ असते. मराठीत ‘ण्यासाठी’ आले की पेन थांबवून ‘उत्’ आठवावा.

‘इंग’चेही असेच. ‘धावणारा मुलगा’ म्हणजे ‘पुएर् कुर्रेन्स्’, ‘धावणे सुखाचे असते’ म्हणजे ‘कुर्रेरे यूकुन्दुम् एस्त्’ आणि ‘धावून जिंकतो’ म्हणजे ‘कुर्रेन्दो विन्कित्’. ‘धावणारा’, ‘धावणे’, ‘धावून’ ही तीन मराठी रूपे इंग्रजीच्या एका रूपामागे दडलेली आहेत. ‘शिकवून आपण शिकतो’ या अर्थाचे ‘दोकेन्दो दिस्किमुस्’ हे वचन याच तिसऱ्या रूपाचे आहे.

आज्ञार्थात एकवचन आणि अनेकवचन वेगळे: ‘दिस्के’ म्हणजे शीक, ‘दिस्किते’ म्हणजे शिका. मनाई करताना ‘न’ शब्द लावून भागत नाही. गद्यातली नेहमीची रीत म्हणजे ‘नोली तिमेरे’, भिऊ नकोस, आणि अनेकांना ‘नोलीते तिमेरे’. मराठीतल्या ‘नकोस’ आणि ‘नका’ यांसारखेच हे स्वतंत्र क्रियापद आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात ‘तू ने केदे मलीस्’, म्हणजे ‘तू संकटांपुढे झुकू नकोस’, असे साध्या आज्ञार्थाला ‘ने’ लावलेले आढळते, पण ती काव्यातली मोकळीक आहे. शुभेच्छा आणि इच्छा यांसाठी लॅटिनमध्ये क्रियापदाचे वेगळे रूप लागते आणि त्याचा अर्थ आपल्या ‘होवो’, ‘येवो’, ‘राहो’ या रूपांनी अचूक कळतो: ‘फीअत् लूक्स्’, प्रकाश होवो, ‘वीवत्’, चिरायू होवो. नामाने शुभेच्छा द्यायची असेल तर ‘फेलीक्स् दिएस् नातालिस्’ असे प्रथमेत लिहिले की ते नुसते ‘आनंदी वाढदिवस’ असे नाव होते. ‘मी इच्छितो’ हे क्रियापद अध्याहृत असल्यामुळे द्वितीया हवी: ‘फेलीकेम् दिएम् नातालेम्’.

पाचवी पायरी: क्रम

‘ओम्निअ विन्कित् अमोर्’ या व्हर्जिलच्या शब्दांत ‘सर्व गोष्टी’ आधी आणि ‘प्रेम’ शेवटी असूनही जिंकणारे प्रेमच आहे, कारण कर्ता कोण हे जागा ठरवत नाही, शेवट ठरवतो. अर्थ उलटवायचा असेल तर शब्द हलवून उपयोग नाही, रूपे बदलावी लागतील: ‘अमोरेम् विन्कुन्त् ओम्निअ’. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे ब्रीद ‘अद् अस्त्र पेर् अस्पेर’ आणि ब्रिटनच्या हवाई दलाचे ‘पेर् अर्दुअ अद् अस्त्र’. दोन्हींत खडतर वाट आणि तारे आहेत. एकात तारे आधी दिसतात, दुसऱ्यात वाट. क्रमाचे काम एवढेच, कशावर जोर द्यायचा ते ठरवणे. साध्या विधानात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी ठेवले तर सहसा बिघडत नाही. काही शब्द मात्र जागेला चिकटलेले असतात. ‘साठी’ या अर्थाचा ‘ग्रातिआ’ हा शब्द षष्ठीच्या नंतर येतो, जसे ‘एक्सेम्प्ली ग्रातिआ’, उदाहरणासाठी. एमजीएम या हॉलीवूडच्या चित्रपटसंस्थेच्या बोधचिन्हातल्या सिंहाभोवती ‘अर्स् ग्रातिआ अर्तिस्’, म्हणजे ‘कलेसाठी कला’, असे लिहिलेले असते, पण तो क्रम नेहमीचा नाही आणि नवख्याने तो नमुना म्हणून घेऊ नये.

ब्रीदवाक्यात ‘एस्त्’, म्हणजे ‘आहे’, बिनदिक्कत गाळता येतो. थोडक्यात बोलणे हा लॅटिनचा गुणच आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘नूल्लीउस् इन् वेर्ब’ हे ब्रीद रोमन कवी होरेसच्या ओळीतून घेतलेले आहे; त्यात क्रियापदच नाही आणि तरी कोणाच्याही शब्दावर विसंबून राहायचे नाही हा अर्थ पोचतो. ऑलिम्पिकच्या ब्रीदातले ‘कितिउस्, अल्तिउस्, फोर्तिउस्’ हे तीनही शब्द क्रियाविशेषणे आहेत, ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने’, आणि 2021 साली त्यांत जोडलेला ‘कोम्मूनितेर्’ हाही क्रियाविशेषणच आहे. इंग्रजीतला ‘स्ट्राँगर’ वाचून तिथे कोणी विशेषण घातले असते तर ओळीची घडी मोडली असती.

सहावी पायरी: वाक्प्रचार आणि नव्या वस्तू

वाक्प्रचाराचे शब्द नेऊ नयेत, प्रसंग न्यावा. इंग्रजीत डुकरे उडतील तेव्हा, म्हणजे कधीच न, घडणारी गोष्ट लॅटिनमध्ये ‘अद् कलेन्दास् ग्राइकास्’, म्हणजे ग्रीकांच्या कलेन्डच्या दिवशी घडते. कलेन्ड हा रोमन महिन्याचा पहिला दिवस आणि ग्रीक पंचांगात तो नव्हताच. कर्ज कधीच न फेडणाऱ्यांबद्दल सम्राट ऑगस्टस हे शब्द वापरत असे, असे त्याचा रोमन चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो. मराठीतून शोधले तर जोड्या आणखी सहज सापडतात. ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ या अवस्थेला रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकात लांडग्याला कानांनी धरणे म्हटले आहे, ‘अउरिबुस् तेनेओ लुपुम्’. ‘इकडे आड, तिकडे विहीर’साठी प्लॉटस या दुसऱ्या रोमन नाटककाराकडे ‘इन्तेर् सक्रुम् सक्सुम्क्वे’ आहे, बळीचा पशू आणि दगडी सुरी यांच्यामध्ये. गाढवापुढे आपण गीता वाचतो, रोमन लोक त्याला वीणेजवळ नेत: ‘असिनुस् अद् लिरम्’. ‘आगीत तेल ओतणे’ तर ‘ओलेउम् अद्देरे कमीनो’ असे जवळजवळ शब्दशः आहे. आणि ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ला टेरेन्सचेच ‘क्वोत् होमिनेस् तोत् सेन्तेन्तिआइ’, जितकी माणसे तितकी मते. जितके-तितके ही जोडी लॅटिनमध्येही अशीच चालते.

रोमन काळात नसलेल्या वस्तूंसाठी नवे शब्द घडवलेले आहेत. व्हॅटिकनने 1992 आणि 1997 साली दोन खंडांत आधुनिक लॅटिनचा कोश काढला. आजच्या लॅटिन लेखनात संगणकाला ‘कोम्पुतात्रुम्’ आणि इंटरनेटला ‘इन्तेर्रेते’ हे शब्द रुळलेले दिसतात. स्वतः शब्द घडवण्याआधी असा शब्द आहे का ते पाहावे.

सातवी पायरी: तपासणी

तयार झालेले वाक्य एक दिवस बाजूला ठेवावे. मग मूळ वाक्य न पाहता, केवळ लॅटिन-इंग्रजी कोशाच्या आधारे ते परत मराठीत आणावे आणि प्रत्येक शब्दाखाली त्याची विभक्ती, वचन, लिंग किंवा पुरुष लिहावा. व्हिटेकर्स वर्ड्‌ससारखे साधन एखादे रूप कोणकोणत्या शब्दांचे असू शकते ते सांगते. ज्या शब्दाखाली काय लिहावे हे सुचत नाही, तिथे चूक आहे असे समजावे. यंत्राकडून भाषांतर करून घेतले असेल तरी हीच कसोटी लावावी, कारण ‘यू’ एक की अनेक, स्त्री की पुरुष, हे यंत्राला सांगितलेले नसते आणि ते अंदाज बांधते. यानंतर शब्दांची जोडी प्राचीन ग्रंथांच्या डिजिटल संग्रहात शोधावी. कोणा रोमन लेखकाने तेच आधी म्हटले असेल तर आपले शब्द सोडून त्याचे घ्यावेत.

लॅटिनसारखे दिसणारे सगळेच लॅटिन नसते, हेही इथे लक्षात घ्यावे. ‘इल्लेगितिमी नोन् कार्बोरुन्दुम्’ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून फिरणारे वाक्य ‘नालायकांना तुम्हाला भरडू देऊ नका’ या अर्थाने कोरले जाते. त्यातला शेवटचा शब्द घासकामाच्या एका पदार्थाचे व्यापारी नाव आहे आणि सारे वाक्यच थट्टेने रचलेले आहे. थट्टा म्हणून कोरायचे तर खुशाल कोरावे.

शेवटी अक्षरांचा प्रश्न उरतो. ‘मलुम्’ म्हणजे वाईट गोष्ट आणि ‘मालुम्’ म्हणजे सफरचंद. ‘लिबेर्’ म्हणजे पुस्तक आणि ‘लीबेर्’ म्हणजे मोकळा. देवनागरीत हा ऱ्हस्व-दीर्घ भेद दिसतो (ए आणि ओ यांचा मात्र दिसत नाही), तर रोमन लिपीत तो दाखवण्यासाठी स्वरावर आडवी रेघ देतात. ही रेघ शिकणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी आहे. कोरीव कामात ती गाळावी. रोमन शिलालेखांची मोठी अक्षरे वापरायची असतील तर ‘उ’ आणि ‘व’ या दोन्ही ध्वनींसाठी टोकदार ‘व्ही’ हे एकच अक्षर येते आणि ‘जे’ येत नाही, त्याच्या जागी ‘आय’ लिहितात. छोटी अक्षरे असतील तर ‘यू’ आणि ‘व्ही’ वेगळे ठेवणे वाचायला सोयीचे. कोणतीही एक पद्धत निवडून ती पूर्ण ओळीत पाळावी. कारागिराला मजकूर तोंडी सांगू नये. छापील कागद द्यावा, त्याने उतरवलेला कच्चा नमुना मागून घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर सुटे वाचून मूळ कागदाशी ताडून पाहावा. लॅटिनमध्ये एका अक्षराने कर्त्याचे कर्म होते, आणि शब्द सलग वाचताना डोळा नेमका शेवटच्या अक्षरावरूनच घसरतो.